लाकडाआधी माती

लाकडातून एकदा निघालेली ढलपी परत चिकटवता येत नाही. कोरीव काम शिकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्या काही दिवसांतच कळते, पण तिचा परिणाम किती दूरवर जातो याचा विचार फारसा होत नाही. चूक महाग असली की माणूस आधी कुणीतरी केलेलं आणि जमलेलं तेच करतो. रावेत, मोशी, चऱ्होलीच्या नव्या इमारतींतली दारं आणि देवघरं पाहिली तर तोच गणपती, तीच वेल, तोच मोर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटतो. त्यावरून कारागिरांचा हात कच्चा आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. पुष्कळ ठिकाणी हात उत्तम तयार असतो. कमी पडते ती चुकून बघायची जागा. नवा आकार सुचला तरी तो तपासायचा कशावर? हजारो रुपये घनफुटाच्या सागवानावर तो धोका कुणी पत्करत नाही, आणि गिऱ्हाइकाने आणून दिलेल्या लाकडावर तर मुळीच नाही. या पुस्तकात ती जागा कशी तयार करायची ते सांगितलं आहे. लाकडाला पटाशी लावण्याआधी तोच आकार मातीत घडवायचा, मोडायचा, पुन्हा घडवायचा आणि पटला की मग लाकूड हाती घ्यायचं. लाकूड वाचवण्याची युक्ती एवढ्याच दृष्टीने या पद्धतीकडे पाहिलं तर तिचं खरं मोल हाती लागत नाही. स्वतःचं, आधी कुणी न केलेलं काम करायचं असेल तर निर्णय घेण्यासाठी असं एखादं बदलता येणारं माध्यम लागतंच, असं माझं म्हणणं आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ते माध्यम, ते हात आणि ती हत्यारं आजही आहेत. ती लाकडाच्या कोरीव कामाकडे वळलेली नाहीत, एवढंच.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा येईल आणि तो वजनदार आहे. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधून घेतलेल्या विश्रामबागवाड्याचे सुरूचे खांब आणि कोरलेला दर्शनी सज्जा पाहा, मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा पाहा, चांदवडचा रंगमहाल पाहा. हे काम करणाऱ्यांनी मातीचे गोळे कुठे मळले होते? ते थेट लाकडात उतरले, मग आजच्याला हा जादा उद्योग कशासाठी? उत्तर त्या कामातच आहे. सुरूचा खांब कसा असावा हे तो कोरणाऱ्याला ठरवायचं नव्हतं. खालचा फुगीर भाग, वर निमुळता होत जाणारा दंड, महिरपीच्या टोकाचं केळफूल, गणेशपट्टीवरच्या मूर्तीची बैठक, हे सगळं त्याच्या आधीच्या पिढ्यांनी शेकडो खांबांवर आणि चौकटींवर करून, सुधारून पक्कं केलं होतं. त्याचा नमुना शेजारच्या वाड्यात उभाच होता, आणि उरलेला गुरूच्या हातात होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुका त्या घाटांत आधीच जिरलेल्या होत्या. आजच्या कारागिराला कुणी कारखान्यातल्या लेथवर उभ्या असलेल्या कामगाराचं, इंद्रायणीच्या घाटाचं किंवा आपल्या आजीच्या चेहऱ्याचं उठावचित्र मागितलं तर त्यामागे असा कुठलाही सिद्ध घाट नसतो. ज्या चुका पूर्वी पाच पिढ्यांत वाटल्या गेल्या असत्या त्या सगळ्या त्याला एकट्याला आणि एकाच कामात कराव्या लागतात. त्या लाकडात करणं परवडत नाही, म्हणून मातीत करायच्या. एका माध्यमात ठरलेला आकार दुसऱ्यात उतरवणं आपल्याकडे नवीनही नाही. या पट्ट्यापासून फार दूर नसलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात कातळातून कोरलेल्या छताला आजही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आहेत, आणि त्या काळातल्या लेण्यांच्या दर्शनी भागावर लाकडी इमारतींचे सज्जे आणि कठडे दगडात कोरलेले दिसतात. तो घाट लाकडात घडला आणि दगडात उतरला.

मराठी शिल्पकारांना माती परकी नाही हेही इथे नोंदवलं पाहिजे. गणपतराव म्हात्र्यांचं १८९६ चं ‘मंदिरपथगामिनी’ असो की विनायकराव करमरकरांनी घडवलेला पुण्यातला १९२८ चा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, अशी कामं आधी मातीतच उभी राहतात. पण तिथे मातीचा पृष्ठभाग साच्यातून जसाच्या तसा प्लास्टरमध्ये किंवा धातूत उतरतो. मातीवर उठलेला बोटाचा ठसाही ब्राँझमध्ये येतो. लाकडाचं तसं नाही. मातीतलं काहीही आपोआप लाकडात जात नाही. प्रत्येक उंचवटा पुन्हा हाताने, वेगळ्या हत्याराने आणि वेगळ्या क्रमाने काढावा लागतो. म्हणून लाकडासाठीचा मातीचा नमुना पूर्ण, गुळगुळीत, देखणा असण्याची गरज नाही. त्याने काही ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात आणि ती दिली की त्याचं काम संपतं.

त्यातला सगळ्यात मोठा प्रश्न खोलीचा. कागदावरच्या रेखाटनातून बाह्यरेषा कळते, प्रमाण कळतं, पण कुठला भाग किती पुढे आणि किती मागे हे कळत नाही. दीड इंच जाडीची सागवानी फळी घ्या. तळासाठी अर्धा इंच सोडला तर उठावासाठी उरतो एक इंच. या एका इंचात बसलेल्या गणपतीची सोंड, गंडस्थळ, पोट, दुमडलेला पाय, हातातला मोदक आणि मागे पसरलेले कान बसवायचे आहेत. सोंड सगळ्यात पुढे. तिने पाव इंच खाल्ला की पोटाला किती मिळणार? पोट हवं तेवढं गोल केलं तर मोदकाचा हात त्याच्यापुढे येणार कसा? कान तळाला चिकटवले तर डोकं भिंतीत रुतल्यासारखं दिसतं. ते थोडे उचलले तर गंडस्थळाची गोलाई दबते. प्रत्यक्षातली हातभर खोली इंचात आणताना सगळं एकाच प्रमाणात दाबून चालत नाही. काही भाग अधिक चपटे करावे लागतात, काहींची फक्त कड उचलावी लागते, आणि ते कुठे करायचं हे सूत्राने सांगता येत नाही. मातीत मात्र ते दिसतं. फळीवर एक इंचाचा थर लावून आकार काढावा, खोलीतले दिवे बंद करावेत आणि एकच दिवा बाजूने, जवळजवळ फळीला समांतर धरावा. सोंडेची सावली पोटावर कुठपर्यंत पडते, कानाची कड उजेड पकडते की नाही, हे लगेच कळतं. मग अंगठ्याने कान दोन मिलिमीटर दाबायचा, सोंडेचं वळण किंचित बाहेर ओढायचं, पुन्हा दिवा धरायचा. असे दहा बदल एका संध्याकाळी होतात. लाकडात यातला पहिलाच बदल शेवटचा ठरला असता.

आता या पट्ट्याकडे येऊ. १९६६ मध्ये टेल्कोने पुण्याचा विभाग सुरू केला आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर मोटारधंदा रुजला. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ चा, आणि २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र यांचे चाकण परिसरातले कारखाने आले. पत्रा, वेल्डिंग, रोबो यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या धंद्याच्या अगदी सुरुवातीला मात्र माती असते. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली रचनेचा स्वतंत्र विभाग काढला आणि मोटारीचं रूप मातीत ठरवण्याची पद्धत तिथून जगभर पसरली. ही माती आपल्या शाडूसारखी पाण्यातली नसते. मेण, तेल आणि बारीक भुकटी यांचं ते मिश्रण असतं. साधारण साठ अंशांच्या भट्टीत ती मऊ होते, सांगाड्यावर आणि फोमवर थापली जाते, थंड झाली की कडक होते आणि मग खरवडून आकाराला आणतात. आधी पाव आकाराचं मॉडेल, मग पूर्ण आकाराचं. संगणकावर सगळं काढता येत असतानाही मोठ्या कंपन्यांनी माती सोडलेली नाही. आज मिलिंग मशिन संगणकातल्या आकड्यांवरून मातीचा ढोबळ आकार कापतं, त्यावर माणसं हाताने काम करतात, चकचकीत फिल्म ताणून बसवतात, उजेडाची रेघ दारावरून कशी सरकते ते चालत जाऊन पाहतात आणि बदललेली माती पुन्हा स्कॅन करून संगणकात नेतात. ज्या धंद्यात एका प्रेस डायची चूक कोट्यवधींना पडू शकते तो धंदा हौस म्हणून माती मळत बसणार नाही. पडद्यावर पटलेला आकार डोळ्यासमोर खराखुरा उभा राहिल्यावर पटेलच याची खात्री नसते, म्हणून हा खर्च होतो.

याच धंद्याच्या इतिहासात माती आणि लाकूड यांचं नातं अगदी थेट होतं, हे आज विसरलं गेलंय. संगणक येण्यापूर्वी मंजूर झालेल्या मातीच्या मॉडेलवरून फर्मे घेऊन कठीण लाकडाचं मास्टर मॉडेल करत, आणि त्यावर काटा फिरवून डाय कापणारी कॉपी मिलिंग यंत्रं चालत. त्याहून बोलका दाखला अमेरिकेतल्या मुलांच्या एका स्पर्धेचा आहे. फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड ही स्पर्धा १९३० ते १९६८ चालली. सुरुवातीला मुलांना एका शाही घोडागाडीची हुबेहूब प्रतिकृती करायला सांगत. तिचे नकाशे तयार मिळत. कौशल्य लागे ते बिनचूक नक्कल करण्याचं. पुढे स्वतः कल्पिलेल्या मोटारीचं छोटं मॉडेल करण्याची स्पर्धा सुरू झाली, आणि तिच्या मार्गदर्शनात रेखाटन, मातीचं मॉडेल, मातीवरून पुठ्ठ्याचे फर्मे आणि मग लाकडाचा ठोकळा असा क्रम आला. मुलं साधारण तीच, मोजमापं घेण्याची शिस्त तीच. नकलेच्या कामात मातीची गरज पडली नाही. नवी रचना मागितली तेव्हा पडली. माझ्या म्हणण्याला याहून स्वच्छ पुरावा मला सापडत नाही.

पिंपरी, भोसरी, चिंचवडच्या फाउंड्रींनी आणखी एक कारागीर घडवला, तो पॅटर्नमेकर. ओतकामासाठी वाळूत साचा उठवायला लाकडी पॅटर्न लागतो, आणि तो करणारा माणूस लाकूड मिलिमीटरच्या अंशांत ओळखतो. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, पोलाद दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणून तो आकुंचनाची पट्टी वापरून पॅटर्न तेवढा मोठा करतो. वाळूतून सहज निघावा म्हणून उभ्या बाजूंना उतार देतो, आतल्या कोपऱ्यांना गोलाई देतो, लाकूड फिरू नये म्हणून तुकडे उलटसुलट रेषांनी जोडतो. रेझिनचे ठोकळे, सीएनसी आणि थर्माकोलचे पॅटर्न आल्यापासून या कामाची मागणी घटली आहे. हे पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्यांत हा माणूस मला पहिल्या रांगेत दिसतो. त्याच्याकडे लाकडाची जाण आहे, माप आहे, धीर आहे. त्याला सवय नाही ती ड्रॉइंगशिवाय काम करण्याची, कारण आयुष्यभर आकार दुसऱ्याने ठरवून दिला आणि त्याने तो निष्ठेने लाकडात आणला. मातीचा नमुना म्हणजे त्याने स्वतःसाठी केलेलं पहिलं ड्रॉइंग.

दुसरा आक्षेप लाकूड जाणणाऱ्यांचा आहे आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. माती लावत लावत वाढवायची, लाकूड काढत काढत कमी करायचं. मातीला रेषा नाहीत, लाकूड रेषांनीच बनलेलं आहे. मग मातीत विचार करणारा माणूस लाकडाला न पेलणारे आकार नाही का काढणार? काढतो. मातीत सोंडेचं टोक हवं तसं आडवं बाहेर काढता येतं. लाकडात त्या टोकाशी रेषा आडव्या गेल्या तर जरा धक्का बसला की ते मोडून हातात येतं. बारीक बोटं, पातळ कान, सुटा दात या सगळ्यांची हीच गत. त्यामुळे ही पद्धत आंधळेपणाने वापरली तर नुकसानच करील हे मान्य करायला हवं. पण यावरचा इलाज मातीतच आहे. नमुना सुरू करताना प्रत्यक्ष लाकडाच्या मापाचा, किंवा त्याच्या ठरावीक प्रमाणातला, मातीचा ठोकळा करावा आणि त्यातून फक्त काढत जावं. ठोकळ्याच्या बाहेर एक कणही जाऊ देऊ नये. ठोकळ्यावर सळईने रेषांची दिशा आखावी, आणि आकार बदलताना ती खूण पुसली गेली की पुन्हा काढावी. मग सोंड घडवतानाच प्रश्न पडतो: हे टोक रेषांना आडवं जातंय, याला पोटाचा आधार देता येईल का? तो आधार देताना बहुतेक वेळा आकार अधिक घट्ट आणि अधिक लाकडाचा होतो. गाठ कुठे आहे, साल कुठल्या बाजूला होती, हेही ठोकळ्यावर मांडता येतं. मातीत लाकडाच्या अटी आधीच घातल्या की मातीचं स्वातंत्र्य उपयोगाचं ठरतं.

माती कुठली घ्यावी याची चर्चा पहिल्या प्रकरणात सविस्तर आहे, म्हणून इथे थोडक्यात. शाडू स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा. पेणच्या मूर्तिकारांनी तो घराघरात पोचवलाय. पण तो वाळताना आकसतो आणि तडकतो, त्यामुळे ओला असतानाच, ओल्या फडक्याखाली ठेवून, मापं उतरवून घ्यावी लागतात. तेलातली माती वाळत नाही, महिनोन्‌महिने तशीच राहते, पुन्हा वापरता येते. ती महाग आहे, पण एकदाच घ्यायची. नवशिक्याने लाकडासाठी सागवानाच्या मागे लागू नये. यंत्रसामग्रीच्या खोक्यांचं आणि पॅलेटचं पाइनवुड भोसरी-चाकणमध्ये भरपूर मिळतं. ते मऊ असल्याने पटाशीला धार नसेल तर चुरगळतं, म्हणून धार लावायला शिकवतं. खिळे मात्र आधी शोधून काढावेत.

माप उतरवण्याच्या बाबतीत या पट्ट्यातल्या वाचकाला मोठा फायदा आहे. सरफेस प्लेट, हाइट गेज, व्हर्नियर, मार्किंगचा स्क्रायबर या गोष्टी इथल्या लहानसहान वर्कशॉपमध्येही असतात. मातीचा नमुना आणि लाकडाचा ठोकळा एकाच प्लेटवर शेजारी ठेवायचे, दोन्हींच्या तळाला एकच आधारपृष्ठ, आणि नमुन्यावरच्या पाच-सहा सर्वांत उंच बिंदूंची उंची गेजने घेऊन लाकडावर त्या त्या जागी खूण करायची. मग ड्रिलच्या बिटावर टेप गुंडाळून खोली ठरवायची आणि दोन-तीन मिलिमीटर राखून भोकं पाडायची. कोरताना भोकाचा तळ दिसू लागला की थांबायचं. समोरून आणि बाजूने पुठ्ठ्याचे फर्मे घेऊन बँडसॉवर दोन बाजूंनी ठोकळा कापला की ढोबळ आकाराचं निम्मं काम होतं. एवढं ठरलं की पुढचं हाताने करावं. बिंदू फार घेऊ नयेत; शंभर बिंदू घेणाऱ्याचं लक्ष आकारावरून आकड्यांवर जातं.

तिसरा आक्षेप तरुणांकडून येईल: संगणकावर त्रिमिती आकार करा, राउटरला फाइल द्या, दार कोरून मिळतं, माती कशाला मळायची? राउटरशी माझं भांडण नाही. ज्या दुकानात तो चालतो तिथे बहुतेक फाइली विकत घेतलेल्या असतात, म्हणून दारं सारखी दिसतात. यंत्र स्वतः काही आग्रह धरत नाही. ज्याचा हात पडद्यावर खरोखर चालतो त्याने तिथे घडवावं. पण उठावाचं काम भिंतीवर, तिरक्या उजेडात, माणसाच्या उंचीवरून पाहिलं जातं, आणि पडद्यावर आपण उजेड, कोन, अंतर सगळं सोयीने फिरवत असतो. आपल्या मातीचा नमुना स्कॅन करून त्याची फाइल करता येते आणि ढोबळ कापणी राउटरकडून करून घेता येते. मोटारीच्या स्टुडिओत दोन्ही माध्यमं हातात हात घालून चालतात, ती इथेही चालतील.

शेवटचा आक्षेप कलावंतांचा. सगळं मातीत ठरलं तर लाकडात उरतं काय, नुसती नक्कल? ही भीती खरी आहे, आणि मातीचा नमुना फार गुळगुळीत करणाऱ्यांच्या कामात ती खरी ठरलेली दिसते: सागवान मातीसारखं दिसू लागतं, पटाशीचा एकही स्वच्छ काप उरत नाही. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक अभ्यासात एक टप्पा दिला आहे, जिथे नमुना झाकून ठेवायचा. मोठे उतार बसले, सर्वांत उंच आणि सर्वांत खोल जागा ठरल्या की माती बाजूला. डोळ्याची पापणी, वस्त्राची चुणी, केसांची दिशा, पोत, हे निर्णय मातीत घेऊच नयेत. ते गोल पटाशीच्या रुंदीवर आणि त्या फळीच्या रेषांवर अवलंबून असतात. पहिला अभ्यास मुद्दाम साधा निवडला आहे: केळफुलाचं एक टोक, पण कुठल्याही वाड्यातलं न उतरवता बाजारातून आणलेलं खरं केळफूल समोर ठेवून. त्याची पानं किती उघडी ठेवायची, कुठलं पान रेषांच्या बाजूने वळवायचं आणि एक इंचात किती थर मावतात, हे वाचकाने मातीत स्वतः ठरवायचं आहे. पुस्तकात त्या अभ्यासाचं तयार मातीचं चित्र दिलेलं नाही.